बहात्तर सेंटिमीटर

ओसियेकहून निघालो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.
मागच्या सीटवर लोव्रो आणि तेना, मधोमध फुगवलेली मगर.
तेनानं ती घरूनच फुगवून आणली होती,
तिथे हवा असेल की नाही कोण जाणे, म्हणाली.
डिकीत माझी खुर्ची,
चाकं काढून, मिटल्या खेकड्यासारखी.

फोनवर मी तीनदा विचारलं होतं.
तीनदा उत्तर आलं, हो, हो, सगळी सोय आहे.
त्यांच्या 'सगळी'त आणि माझ्या 'सगळी'त
किती पायऱ्या, ते पोचल्यावर कळलं.
चार.
संगमरवरी, नुकत्या धुतलेल्या,
दोन्ही अंगांना लॅव्हेंडरच्या कुंड्या.

काउंटरमागची आंतेआ उठून उभी राहिली.
बसून तिला माझं नुसतं कपाळ दिसत होतं.
"यांना तळमजला चालेल ना?"
तिनं दावोरला विचारलं.
लग्नाला चौदा वर्षं झाली की माणसाला एवढं येतं.
"यांनाच विचारा," तो म्हणाला.

खोली होती, खोटं कशाला बोलू.
कॉरिडॉरच्या टोकाला, धोबीखान्याला लागून,
दारावर निळी पाटी.
आत अकरा घडीचे पलंग, एक मुका पंखा
आणि नाताळचं झाड, चांदणीसकट.
ते सगळं बाहेर निघेपर्यंत
मुलं समुद्र बघून आली,
समुद्रावरून भांडून मोकळीही झाली.

बाथरूमचं दार अडुसष्ट.
माझी खुर्ची बहात्तर.
स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात,
तो हा असा.

जेवायला स्वयंपाकघरातून जायचं.
तिथे उतार आहे, माशांच्या पेट्यांसाठी केलेला.
टोमॅटोचे क्रेट, उकळतं पाणी, वाफ,
शिमे नावाचा आचारी, हातावर नांगर गोंदलेला,
झाकण उचलून मला आधीच दाखवायचा
आज काय आहे ते.
बाहेर बुफेचं टेबल माझ्या नाकाएवढं उंच,
मला भांड्यांचे बूड तेवढे दिसायचे.
मुलांना हा चोरवाट वाटला, खजिनाच.
शेजारच्या पोरांना सांगत सुटली,
आम्हाला आतून सोडतात!
मी हसले.
मला मात्र एकदा समोरून जायचं होतं.

तिसऱ्या दिवशी शिमेच पेचकस घेऊन आला,
बिजागऱ्या सोडवल्या, दार भिंतीला टेकवलं,
जागी मेजाचा कपडा टांगला, लिंबांच्या नक्षीचा.
मॅनेजरला विचारलंस का?
"मॅनेजर अडुसष्टमधून जातो," तो म्हणाला.

पाण्यात पडलं की पोहता येतं, खरं आहे.
पण पडायची तरी सोय हवी.
तलावाची लिफ्ट खोळीत झाकलेली,
किल्ली बोझोकडे,
बोझो येणार गुरुवारी.
मी रविवारपासून काठाशी बसून
मगरीचा दोर धरून होते.

गुरुवारी लिफ्ट करकरत उतरली
आणि अख्खा तलाव गप्प.
छत्र्यांखालची पुस्तकंसुद्धा खाली आली.
तेवढ्यात लोव्रोनं काठावरून अंग झोकून दिलं,
तीन बायकांचे केस भिजवले,
सगळे त्याच्यावर ओरडू लागले.
पोरगं शहाणं आहे.
तेवढ्यात मी पाण्यात होते, गळ्यापर्यंत,
इतरांच्या गळ्याइतकीच.

निघताना आंतेआनं कागद दिला,
वर पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत,
एकावर खूण करा.
मी उलटवून मागे लिहिलं:
पायऱ्या चार.
दार अडुसष्ट, हवं नव्वद.
किल्ली काउंटरवर ठेवा, बोझोला सुट्टी असते.
दार काढलंय, परत बसवू नका.

शिमेनं अंजिरांची पिशवी मांडीवर ठेवली.
"पुढच्या वर्षी?"
"समोरून येता आलं तर."

गाडी वळताना आरशात दिसला,
पायऱ्यांपाशी ओणवा.
वितीनं उंची मोजत असावा.
किंवा बुटाची नाडी बांधत.