वीस सरक्या

धरणगावच्या जिनात रात्री अकरानंतर
रेचे थंड होईपर्यंत आम्ही पोकर खेळतो.
पैसे नाहीत. सरकी.
प्रत्येकाला मोजून दोनशे,
ज्याची आधी संपेल त्याचा चहा.

शिकवलं अकिल मिस्तरीच्या भाच्यानं.
पणजीच्या बोटीवर दोन वर्षं पत्ते वाटून आलाय,
इथंही फक्त वाटतो.
म्हणाला, दोन पानं हातात, पाच मधे,
त्यातली पहिली तीन एकदम उघडतात,
पण माणूस हरतो तो त्याच्या आधीच.
मला लगेच पटलं. मी ग्रेडर.
ट्रॉलीच्या वरच्या थरातून चिमूटभर कापूस काढायचा,
दोन अंगठ्यांत धागा ओढायचा
आणि तळाला पाणी मारलंय का
ते ताडपत्री पुरती निघायच्या आत सांगायचं.

कुणी वाढवलं की मी आधी माणूस बघतो,
मग पानं.
सुपडू वाढवतो ते झोप येऊ नये म्हणून.
त्याच्यामागे राजा-दहा घेऊनही जावं.
अकिल वाढवतो तेव्हा विडी विझलेली असते
आणि त्याला पत्ता नसतो.
तेव्हा एक्का-गुलामही खाली ठेवावा:
माझा एक्का लागेल तेव्हा त्याचाही लागेल,
आणि त्याच्या एक्क्याशेजारी
माझ्या गुलामापेक्षा थोर कुणीतरी बसलेलं असेल.
चौक्क्यांची जोडी असेल तर समोरचा ढीग बघावा.
मोठा असला तर जावं, तेही स्वस्तात.
आणि आपल्यामागे अजून कुणी बोलायचं असेल
तर किलवरची सत्ती-अठ्ठी
कितीही गोजिरी दिसू दे.

अवघड असतं ते आधीच टाकलेलं.
पाळीच्या पाच सरक्या मधे पडलेल्या,
कुणीतरी पंधरा करतं,
वाटतं, दहाच तर घालायच्यात.
याच 'तर'वर मी एकदा
भिजलेली अख्खी ट्रॉली पास केली होती.
शेठ वैशाखापर्यंत बोलले नाहीत.

काल वैजंताबाईंनी वाढवलं.
त्या काट्यावर असतात. तीन महिने आमच्यात बसतायत,
कधी वाढवलं नाही,
नको असलेली पानं कडा जुळवून परत देतात.
काल पहिली पाळी त्यांची.
पाच-पाचच्या चार ओळी लावल्या
आणि तळहातानं मधे सरकवल्या.

सुपडूनं फेकली. अकिलनं विडी पेटवली, म्हणजे गेला.
माझ्याकडे दोन राण्या, इस्पिक आणि बदाम.
माझ्या पाच आधीच आत.
पंधराच तर.
"काय इचार करी ऱ्हायना भो, टाक ना!" सुपडू.
मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं.
काट्यावर आकडा थांबेपर्यंत
ही बोटं पावती फाडत नाहीत,
ड्रायव्हर हॉर्नवर झोपला तरी.
सुरतेकडची मालगाडी गेली.
मी डबे मोजायला लागलो, एकोणतीसनंतर चुकलो.
राण्या पालथ्या ठेवल्या.

त्यांनी पानं दाखवली नाहीत. मीही नाही.
मधली तीन कुठली निघाली असती
ते सुपडूला बघायचं होतं,
पण भाच्यानं तोवर गड्डी पिसलेली.

सकाळी पहिली ट्रॉली काट्यावर चढली.
मी टपावर, चिमूट हातात, तिथूनच विचारलं:
बाई, रात्री काय होतं?
त्या आकड्याकडे बघत होत्या.
म्हणाल्या, "उतरा भाऊ खाली.
तुमचं वजन धरतंय."