दाराचा खळगा

सकाळच्या बोटीत आम्ही सातजण, पाण्याचे दोन पिंप,
आणि गोधडीत गुंडाळलेलं मोजमापाचं यंत्र.
फैलका बेट दिसायला लागलं की बू हमूद
काही न बोलता सिगारेट विझवतो.

माझं काम चाळणीचं.
ते खणतात, मी चाळतो.
तिकडे वसईला रेजिना तांदळाचं पीठ चाळत
फोन खांद्याला दाबून विचारते, आज काय केलं?
देऊळ चाळलं, मी सांगतो.
कुणाचं देऊळ?
आपलंच. म्हणजे,
आपलंच म्हणायचं.

भिंती उरल्यात गुडघ्याइतक्या.
वेदी कुठे होती ते मॅडमनी सुतळी ताणून दाखवलं.
गिलाव्याचा क्रूस सापडला तो पालथा,
वाळूत तोंड खुपसून झोपलेल्या पोरासारखा.
मी डोक्यावरची टोपी काढली,
मग ऊन लागलं म्हणून परत घातली.

जाळल्याची खूण नाही. बाणाचं टोक नाही.
रोज संध्याकाळी वहीत तेच लिहितो: राख नाही, हाडं नाहीत.
मला वाटतं, गाव नुसतं कमी होत गेलं.
विहीर मचूळ झाली असेल,
मोती काढणारे दुसऱ्या किनाऱ्याला लागले असतील,
शेजारच्या अंगणात नवी प्रार्थना आली असेल
आणि लेक दिलेल्या घरी कोण कशाला भांडतं!
शेवटी उरला असेल एक म्हातारा साधू,
मिस्सेत आपणच म्हणायचं, आपणच उत्तर द्यायचं.
एके रविवारी खोकल्यामुळे
उत्तर राहून गेलं असेल.

दार मात्र नेलं.
ज्या मुलखात झाड नाही तिथे दार कोण सोडतो?
उंबऱ्याशी उरलाय दगड, त्यात वाटीएवढा खळगा,
दाराचा खुंट फिरायचा तो.
एका अंगानं जास्त झिजलाय.
बोट घालून बघितलं, आत गुळगुळीत,
आमच्या बावखलाच्या पायरीसारखा.
दाराचं लाकूड कुठलं असेल?
मॅडम म्हणाल्या, साग असेल, तुमच्याच बाजूचा. गलबतं यायची.
त्या काळी कल्याणला बिशप होता म्हणे,
इराणच्या बाजूनं नेमलेला.
कल्याणला? मी म्हटलं,
जिथे माझी मावशी राहते, रेल्वे वसाहतीत?
मॅडमना मावशी कळली नाही.

दुपारी बू हमूदनं आपलं घर दाखवलं,
देवळापासून फार लांब नाही.
छताला आभाळ. भिंतीवर गोळ्यांचे देवीचे व्रण.
तोडक्या हिंदीत म्हणाला,
नव्वद साली सैन्य आलं. बोटीत बसा म्हणाले.
आई चुलीवर भात ठेवून उठली.
दार बंबईचं होतं, आजोबांनी आणलेलं,
थंडीत शिपायांनी शेकायला जाळलं.
मग चौकटीतून आत गेला,
आणि जे दार नाही
ते मागे वळून लावून घेतलं.
सवय, म्हणाला.

मी हसलो नाही. त्यालाही
मी हसावं असं वाटत नव्हतं.

लहानपणी आम्ही त्या टेकाडावर खेळायचो,
तो सांगत होता, चहा ओतता ओतता.
आई म्हणायची, तिथली वीट उचलू नका.
का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
तिच्या आईनं सांगितलेलं.

मार्चअखेर काम थांबतं. ऊन वाढतं.
खणलेलं सगळं परत वाळूनं झाकायचं,
जपायची तीच रीत.
वेदी झाकली, भिंती झाकल्या,
सुतळी गुंडाळून खिशात टाकली.
खळग्याचा दगड तेवढा राहिला होता शेवटच्या सकाळी.
रात्रीचं दव साठलं होतं त्यात, घोटभरही नाही.
एक तुऱ्याचा चंडोल आला, दोनदा चोच बुडवली,
इकडे तिकडे बघितलं.

मी फावडं धरून उभा.
बोटीचा भोंगा वाजला.
थांब, बू हमूद म्हणाला,
पिऊ दे त्याला.