ताळा

मे महिना. सत्तेचाळीस अंश. बजाजनगरातलं डांबर
चप्पल धरून ठेवतंय.
मशीनच्या खोलीत एकोणीस,
म्हणून डबा मी इथेच खातो, क्लस्टरच्या पुढ्यात.
मागच्या बाजूने तो नागपूरच सोडतो.

गजभिये मॅडम सत्तावीस वर्षांच्या.
सांगतात, समुद्रापलीकडे एक यंत्र टांगलंय,
सोनेरी, झुंबरासारखं.
त्याच्या तळाशी अशी थंडी, की
दोन ताऱ्यांमधल्या पोकळीलाही तिथे उकडेल.
तारेतून वीज जाते आणि तारेला कळतही नाही.
एकच आकडा हो असतो आणि नाहीही,
विचारेपर्यंत.

"ह्याला किती लागले असते?" मी क्लस्टरकडे बोट दाखवतो.
त्या हिशोब सुरू करतात. मग सोडून देतात.
"भाऊ, आपण कोणीच नसतो तेव्हा."
आणि त्याला?
"चहा निवतो तेवढ्यात."

घास हातातच राहिला.
"मंग ते बरोबर आहे, हे पाह्यलं कोणं?"
मॅडम हसल्या नाहीत.
"तोच तर माझा विषय आहे."

माझे वडील इतवारीत आडत्याकडे मुनीम.
गुणाकार झाला की नवाचा ताळा घेत.
लांबलचक आकडा सोलत सोलत
संत्र्यासारखा, शेवटी हातात एक बी.
इकडची बी तिकडच्या बीला जुळली की वही बंद.
जुळूनही चूक राहू शकते, हे त्यांना माहीत होतं.
म्हणून पेन्सिल कानावर ठेवूनच झोपत.

तर आमचं ठरलं.
त्या कोड्याचे लहान लहान नमुने,
ह्याच्या छातीत मावतील एवढेच,
इथे सोडवायचे, तिकडच्याशी ताडायचे.
अठ्ठावीस जुळलं. तेहतीस जुळलं.
छत्तीसला तीन रात्री लागल्या.
तिसऱ्या रात्री एसी बसला,
आणि चौकीदार सुखदेव आपला कूलर ढकलत आला,
वाळ्याचा वास, पाणी सांडतंय.
"ओल चालत नाही इथं!" मी ओरडलो,
मग गप्प बसून दार उघडं धरलं.

पहाटे छत्तीस जुळलं.
तंतोतंत नाही. पण जुळलं.

सदतीसला मेमरी संपली.

पुढे पन्नास आहेत, शंभर आहेत,
तिथवर आमच्यातलं कोणी जाणार नाही.
मॅडमनी आलेखावरची रेघ छत्तीसपाशी थांबवली
आणि तिथून ठिपके ठिपके देत
कागदाच्या कडेपर्यंत नेली.

हल्ली मीही कानावर पेन्सिल ठेवतो.
सुखदेव विचारतो, काय लिहिता जी?
काही नाही म्हणतो.