फडकं

नोटेवर ज्या बँकेचं नाव छापलंय
तिच्या तिजोरीत आता शेळ्या बांधतात.
खाली सही करणारे साहेब म्हणे
कुठल्याशा थंड देशात टॅक्सी चालवतात.
तरी नोट चालते.
का चालते ते मला विचारू नका,
मी नोटा बदलून देतो,
नोटांचा अर्थ सांगत नाही.

बेलेदवेनेच्या बाजारात, पुलाच्या अलीकडे,
विटा रचाव्यात तशा नोटा रचून बसतो.
अजान झाली की
दहाबोच्या जुन्या शालीचं फडकं वर टाकतो
आणि नमाजाला जातो.
परत येतो. नोटा तेवढ्याच.

पहिल्या वर्षी असं नव्हतं.
सरकार पळालं त्या वर्षी मी नोटांवरच झोपायचो,
कुशीत बंदूक,
झोपेत तिला मुलाच्या नावानं हाक मारायचो.
मग लोक चांगले झाले म्हणावं तर ते खोटं.
दमले.
चोराच्या घरीही सकाळी दूध लागतं,
आणि दूधवाली दहाबो, माझीच बायको,
तिला तोंडपाठ
कोण कुणाचा चुलता, कुणाचा जावई.
सरकार होतं तेव्हा काय होतं?
कुंपणच शेत खात होतं.

एक परदेशी आला होता, वहीवाला.
म्हणाला, राखण कोण करतं?
मी म्हटलं, फडकं.
त्याला फार आवडलं. लिहून घेतलं.
चहाचे पैसेही त्यानंच दिले.

पुढचं त्याला मी सांगितलं नाही.

गुहाद लोहाराचा पोरगा
पाण्याच्या पंपावर मारला गेला.
भांडण रांगेचं. रांगेत तो पुढं होता, एवढंच.
बाभळीखाली बैठक बसली.
पुरुषाच्या रक्ताचे शंभर उंट,
हा कायदा कुणी लिहिलेला नाही
म्हणून कुणाला खोडताही येत नाही.
पण उंट मागायला मागं कुळ लागतं.
लोहारांच्या मागं कोण?
गुहाद एकटाच उभा होता,
त्याची सावलीसुद्धा
भर दुपारी पायाखाली गेलेली.
कुणीतरी म्हणालं, पाच शेळ्या द्या.
कुणीतरी म्हणालं, तीन.

त्या बैठकीत मीही होतो.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
झाकल्या तोंडाचा भाव काय,
ते मला कळायला हवं होतं,
भाव सांगणं हाच माझा धंदा.

शेळ्या त्यानं नेल्या नाहीत.
दोन दिवस बाभळीलाच बांधलेल्या होत्या,
मग कुणीतरी सोडून नेल्या.

त्यानंतर गुहाद मशिदीत येत नाही.
आम्ही सगळे आत गुडघे टेकतो
तेव्हा अख्ख्या बाजारात तो एकटा,
तो, त्याचा भाता,
आणि माझं फडकं.

परवा नदीकडून वावटळ उठली.
मी नमाज अर्धा सोडून धावलो.
लोकही धावले, आपापल्या ढिगांकडे.
लिंबाच्या पाटीवाल्या बाईचा पडदा उडून गेला होता,
कुणाच्या नोटा गटारापर्यंत.
माझं फडकं जागच्या जागी होतं.
चारी कोपऱ्यांवर
लोखंडाचे चार तुकडे.
भट्टीतून नुकतेच काढलेले नसावेत,
पण ऊन होते.

रस्त्यापलीकडे घणाचा आवाज चालू होता.
त्यानं मान वर केली नाही.

ते तुकडे परत द्यायला मला जायचंय.
रोज ठरवतो.
रोज अजान होते,
मी फडकं टाकतो,
कोपऱ्यांवर ते चार तुकडे ठेवतो,
आणि माझ्या अल्लाकडे
हात मोकळे घेऊन जातो.