योगदान

संगीतकार झाला, गायिका झाली,
मग निवेदकानं कागद उलटला: ‘संगीतजीवनातील योगदान...’
आणि वेंगुर्ल्याचे सगुण मेस्त्री
चपला काढून मंचावर चढले.

चाळीस पावसाळे
खाऱ्या हवेनं धरलेले सूर
कानशीनं खरवडत बसलेला माणूस.
भजनांच्या पेट्या, दशावताराची पायपेटी,
आणि देवळाबाहेर पडून राहिलेली ती एक,
जिच्या भात्यात उंदरीनं पिल्लं घातली होती.
ती पळती होईपर्यंत मेस्त्री थांबले.

शाल. नारळ. पितळी सन्मानचिन्ह.
‘दोन शब्द बोला.’

त्यांनी चिन्हावर नख मारलं,
कानाशी धरलं.

‘धैवत आसा,’ म्हणाले,
‘पण वायच उतरलोहा.’

आणि खिसा चाचपला.
कानस घरी राहिली होती.