नाल

आखाजीला दोंडाईच्यात
मिरचीच्या वखारी झाडून घेतात,
तरी बारदानातला खकाणा जात नाही.
पत्ते पिसले की उडतो,
बसलेल्या सगळ्यांचे डोळे वाहतात.
आमच्या फडात म्हणूनच
चेहरा वाचून कोणी जिंकलेलं नाही.

मी खेळत नाही. नाल काढतो.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डावामागे दोन रुपये.
त्यात चहा, बल्बचं बिल,
आणि हवालदार आलाच तर त्याचं सरबत.

आधी चालीला लिमिट होतं, पाच रुपये.
तेव्हा थाप चालायची नाही.
पाच रुपयांत दुसऱ्याचं खोटं उघडं पडत असेल
तर पॅक कोण करेल?
झुलाल भोई राजा-चौकी-दुरी धरून
छाती काढून चाल करायचा
आणि लोक तपकीर ओढत
शोपर्यंत बसून राहायचे.

हिलाल आप्पा मापाडी.
जन्म काट्याजवळ गेलेला.
दहातले सात हात टाकायचा,
आठव्याला जोडी आली तरी
कान खाजवत बसायचा.
पहाटे उठताना सोग्यात दीडशे, पावणेदोनशे.
कोणाचे गेले, कोणालाच कळायचं नाही.
वाळताना मिरचीचं वजन जातं, तसे.

खरं सांगू? त्या रात्री
आप्पापेक्षा जास्त मीच जिंकायचो.
तीस रुपयांच्या डावातून दोन,
असे शंभर डाव.
त्याच्या अकलेचा मोठा घास
डबा खायचा.
त्याला हिशेब येत होता. बोलला नाही कधी.

मग लिमिट पॉटवर गेलं.
मधे असतील तेवढ्यापर्यंत चाल.
विसाचे चाळीस, चाळिसाचे ऐंशी.
पत्ते तेच बावन्न,
पण पहिली चाल आता
तिसऱ्या चालीची धमकी असायची.
झुलालच्या थापेला भाव आला.
आप्पाही थापा मारायला शिकला:
आखाजीच्या अख्ख्या रात्रीत दोन,
म्हणून दोन्ही लागायच्या.

त्याच्या पुढच्या साली गिरधरशेठचा निकुंज आला.
बाहेर लिंबाला पोरींचे झोके,
गौराईची गाणी.
तो म्हणाला, लिमिट लावून खेळणं म्हणजे
जमिनीला पाय टेकवून झोका घेणं.
सगळे हसले, आणि लिमिट गेलं.

रात्री दीडला त्याने बंडल ठेवलं. ब्लाइंड.
पत्त्यांना बोटसुद्धा लावलं नव्हतं.
आप्पाकडे नव्वी, दश्शी, गुलाम.
खिशात सहाशे चाळीस.

माझा पुण्याचा भाचा सांगतो,
पोकरमध्ये आहे तेवढं सरकवून
ऑल इन म्हणता येतं,
पुढचं ओझं आपलं नाही.
आमच्यात ती सोय नव्हती.
पुरत नसेल तर ऊठ.

"तो पत्ता नही दखस, भो," आप्पा म्हणाला,
"मना खिसा दखस."
आणि रन पालथी घातली,
भरलं पोतं उतरवतात तशी, हळू.

पत्ते गोळा करताना
मी निकुंजचे तीन उलटून पाहिले.
नालवाल्याने तसं करू नये.
काय होते ते सांगणार नाही.
त्यालाही माहीत नव्हते.

हजारांच्या त्या डावातूनही
माझ्या डब्यात पडले दोनच.

यंदा आप्पा वखारीत आला नाही.
ओट्यावर पोरांत बसलाय,
चिंचोक्यांवर.
पोरं पॅक करतच नाहीत,
घाबरायला काही नाही ना.
पंजा-तिरी-दुरीवर ओंजळ ओततात.
आप्पाने उगाच मोठी थाप मारून पाहिली;
झुलालची नात, आठ वर्षांची,
नाक पुसत म्हणाली, "दखाड."
सगळे चिंचोके गेले.
आप्पा इतका हसला
की त्याला ठसका लागला, खकाण्याशिवाय.

मी डबा उचलून तिकडे गेलो.
डावामागे दोन चिंचोके.