कडू काकडी

सहा वाजून पाच मिनिटं.
सुलक्षणा पावणेसातला येईल नाइट संपवून,
चपला दारातच सोडून, नर्सचा तो घड्याळ लावलेला चेहरा घेऊन
"काय आहे?" एवढंच विचारील,
आणि काहीतरी असायला हवं.

ओट्यावर मनोरीची काकडी.
दुकानातल्यासारखी सरळ नाही,
कोपरात वाकलेली, पोटाशी पिवळट,
शेंड्याला अजून सुकल्या फुलाची चिंधी.
काल एमेलिनबाई जेटीवरून आल्या
त्या ओल्या गोणपाटाखाली हिला निजवून.
"ने, माज्या वाडीतली हाय," म्हणाल्या,
जसं कुणी लेकीला पाठवताना म्हणावं,
आणि पंधरा रुपये घेतले.

पीठ आगाशीच्या तांदळाचं,
मीठ भाईंदरच्या मिठागरातलं, खडे,
मिरची खिडकीतल्या रंगाच्या डब्यातली,
डब्यावर अजून लिहिलंय 'हस्तिदंती पांढरा'.
नारळ खालच्या माडाचा,
सोसायटीच्या मीटिंगमध्ये
दोन ठराव आणि एक भांडण होऊन माझ्या वाट्याला आलेला.
गूळ तेवढा कोल्हापूरचा.
त्याला इलाज नाही,
मुंबईत ऊस पिकत नाही, नुसता पिळला जातो.

काकडी किसली.
पाणी घालावं लागत नाही,
ती स्वतःच सुटते, पीठ सैल होतं,
हात मनगटापर्यंत हिरव्या वासाचा.
तवा तापला, तेल चुरचुरलं,
पहिलं घावन चिकटलं.
पहिलं चिकटतंच.
उलथन्यानं खरवडून उभ्या उभ्या तोंडात टाकलं

आणि कडू.
साधं नाही, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारं कडू.
देठ कापून घासायचं असतं, पांढरा फेस येईपर्यंत,
आई घासायची, दुसरं काही काम नसल्यासारखी.
मीही घासलं होतं. चार वेळा.
चाखायचं राहिलं होतं.

सहा एकतीस.
फ्रीजमध्ये ब्रेड आहे, असं ब्रेडनंच मला सांगितलं.
मी भांड्याकडे बघितलं,
मुठीएवढा गूळ ढकलला, खोबरं सगळं घातलं,
एक मिरची जास्त,
आणि घालत गेलो घावनं, पातळ, जाळीदार,
जणू जाळीतून कडूपणा गळून जाईल.

ती आली. बसली. खाल्लं.
दुसऱ्या घासाला म्हणाली, "कडू आहे."
मी म्हटलं, "हो."
तिसरं घावन घेत म्हणाली,
"रात्रभर तोंडाला कसली चवच नव्हती."
मग बराच वेळ फक्त बशीचा आवाज.

गुरुवारी एमेलिनबाईंना सांगितलं,
तक्रार म्हणून नाही, म्हणजे थोडी तक्रार म्हणूनच.
त्यांनी टोपली खाली ठेवली.
"पंप जळालेला आठ दिस," म्हणाल्या.
"इहिरीत पाणी, आन् वर येईना.
घागरीनं किती घालशील?
मिरचीला घातलं, वांग्याला घातलं,
काकडीच्या वेलाला म्हटलं, तू थांब.
ती थांबली. पन रागावली."

तर तो राग होता
मी गुळानं समजावत बसलो होतो तो.
आठ दिवसांची बाईंची खेप, विहिरीपासून वेलापर्यंत,
खाडीपलीकडची दुपार,
आमच्या दोघांच्या बशीत सकाळी सात वाजता.
ट्रकमधून येणाऱ्या काकडीला
कुठल्याच विहिरीची बातमी नसते.
ती नेहमी बरी असते.

"आता झाला पंप," बाई म्हणाल्या.
कमरेचा कोयता काढला,
एक काकडी उचलली, देठाकडची चकती कापली,
आधी स्वतःच्या तोंडात टाकली.
डोळे मिटून चावत राहिल्या.
मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
मी आणि आणखी दोन गिऱ्हाइकं
पिशव्या धरून उभे,
निकाल ऐकायला.